आई, आपण खाली बसलो असतो की वर?

पत्र (जागेअभावी थोडं कमी करून) :

ताई, आम्ही बारा वर्षांपासून अमेरिकेत, शार्लटजवळ राहतो. मुलगी नववीत आहे. शाळेत तिला 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी लावली आहे. परवा जेवताना तिने विचारलं, "आई, त्या कोर्टात गोरे खाली बसायचे आणि काळे वर गॅलरीत. आपण असतो तर कुठे बसलो असतो?" मी म्हटलं, "तेव्हा आपण इथे नव्हतोच, वरण घे."

दुसरी गोष्ट. प्रोजेक्टसाठी तिच्या वर्गातला एक मुलगा घरी आला. काळा आहे, शांत आहे, चपला न सांगता दारात काढल्या त्याने. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. त्यांनी सोफ्यावरची आपली पर्स उचलली आणि आत नेऊन ठेवली. बोलल्या काही नाहीत. तो गेल्यावर मुलगी म्हणाली, "आजी म्हणजे मिस गेट्स आहे." तेव्हापासून दोघींचा अबोला. मी पुस्तक वाचलेलं नाही. घाईघाईने सिनेमा बघितला, त्यात मला ही बाई काही सापडली नाही. सासूबाई वाईट नाहीत हो. सांगलीच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीची कॉलेजची फी दरवर्षी त्या भरतात. शिवाय वर्गात काळ्यांना हिणवणारा तो 'एन'ने सुरू होणारा शब्द मुलांना मोठ्याने वाचायला लावतात म्हणे. शाळेला 'दुसरं पुस्तक द्या' असं सांगू का?
– एक आई

उत्तर :

सस्नेह नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. नको, सांगू नका. या पुस्तकाला शाळेतून घालवायचे प्रयत्न फार जुने आहेत. १९६६ साली व्हर्जिनियातल्या एका काउंटीच्या शाळा मंडळाने ते 'अनैतिक' ठरवलं, तेव्हा लेखिका हार्पर ली यांनी तिथल्या वर्तमानपत्राला थोडे पैसे धाडले. या मंडळाला कुठल्यातरी शाळेत पहिलीत घालता आलं तर पाहा, असं सोबत पत्र. २०१७ साली मिसिसिपीतल्या बिलॉक्सीमध्ये ते आठवीच्या अभ्यासातून काढलं. का, तर त्यातल्या भाषेने लोक अस्वस्थ होतात. तुमची लेक अस्वस्थ झाली आहे, पण पुस्तक वाचून नाही. पुस्तक वाचलेल्या डोळ्यांनी तिने घरातला सोफा पाहिला म्हणून.

त्या शब्दाबद्दल मात्र शिक्षकांशी जरूर बोला. छापलेला शब्द पुस्तकात राहू द्यावा, त्यावर चर्चाही व्हावी. पण चौदा वर्षांच्या गोऱ्या मुलाने तो खणखणीत वाचायचा आणि शेजारच्या बाकावर त्या मुलाने मान खाली घालून ऐकायचा, याला शिकणं म्हणत नाहीत. एक ईमेल पुरे. भांडणाचा सूर नको, एवढंच विचारा की वाचताना हा शब्द गाळायचं ठरवता येईल का.

आता मिस गेट्स. ही बाई पुस्तकात शेवटाकडे येते, जेमतेम दोन-तीन पानं. सगळी गोष्ट घडते अ‍ॅलाबामातल्या मेकॉम्ब नावाच्या काल्पनिक गावात, १९३३ ते १९३५ या काळात. टॉम रॉबिन्सन या काळ्या शेतमजुरावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप आहे. त्याचा खटला लढवणारा गोरा वकील अ‍ॅटिकस फिंच, आणि गोष्ट सांगणारी त्याची मुलगी स्काउट. मुलीला मारहाण झाली आहे ती चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. टॉमचा डावा हात लहानपणी सरकी काढायच्या यंत्रात सापडून कायमचा लुळा पडलेला. सगळं कोर्ट ते डोळ्यांनी बघतं. तरीही बारा जणांची गोरी ज्युरी त्याला दोषी ठरवते. पुढे तुरुंगाचं कुंपण चढताना पहारेकरी त्याला सतरा गोळ्या घालतात.

यानंतर शाळेतला तो तास. मिस गेट्स मुलांना हिटलर ज्यूंचा कसा छळ करतो ते सांगते. फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'लोकशाही' लिहिते, आपल्याकडे कुणाचा छळ होत नाही म्हणते. बोलताना तिचा चेहरा खरोखर लाल होतो. आठ वर्षांच्या स्काउटला मात्र आठवतं की खटल्याच्या रात्री कोर्टाच्या पायऱ्या उतरताना हीच बाई मैत्रिणीला म्हणत होती : बरं झालं, कुणीतरी यांना धडा शिकवायलाच हवा होता, फार डोक्यावर बसायला लागलेत, उद्या आपल्याशी लग्नं करू म्हणतील. मग स्काउट भावाला विचारते की हिटलरचा इतका राग येणारी व्यक्ती आपल्याच गावातल्या माणसांशी असं कसं वागू शकते? भाऊ उत्तर देत नाही. तिच्यावर ओरडतो.

म्हणजे लेकीने आजीला खलनायिका म्हटलेलं नाही. कादंबरीत खलनायक हवाच असेल तर त्या आरोप करणाऱ्या मुलीचा बाप बॉब यूएल आहे, पोरीला मारणारा, दारुडा, त्याला ओळखायला अक्कल लागत नाही. लेकीने बोट ठेवलं ते भल्या बाईवर. तिला पुस्तक बरोबर कळलंय. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा जास्त, आणि कित्येक वर्षं माझ्यापेक्षाही जास्त.

फीवरून तुम्हाला आणखी एक प्रसंग सांगते. फिंचांच्या घरी बायकांची चहाची बैठक भरते. मिसेस मेरिवेदर आफ्रिकेतल्या कुठल्याशा जमातीच्या हालअपेष्टा सांगताना डोळे पुसतात. आणि त्याच दमात तक्रार करतात की खटल्यापासून घरची स्वयंपाकीण तोंड पाडून असते, तिला सांगावं लागलं की येशूही कधी कुरकुरला नव्हता. रडणं खोटं नाही. स्वयंपाकिणीवरचा वैतागही खोटा नाही. तुमच्या सासूबाईंनी भरलेली फी खरी आणि उचललेली पर्सही खरी. फीचा दाखला देऊन पर्स झाकू नका, आणि पर्स दाखवून फीवर पाणीही सोडू नका. मुलीसमोर तर दोन्ही नकोच.

मी हे शहाणपणाच्या उंचीवरून लिहीत नाहीये. आमच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा कप स्वयंपाकघराच्या खिडकीत उपडा घातलेला असे. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. घरातल्या कुणी त्याबद्दल कधी एक शब्द उच्चारला नाही, सांगायची गरजच नव्हती. मी कॉलेजात ही कादंबरी शिकवायला लागले तेव्हाही तो कप तिथेच होता. सकाळी वर्गात अ‍ॅटिकस फिंचबद्दल बोलताना माझा आवाज कापरा व्हायचा, आणि दुपारी घरी येऊन त्याच खिडकीशी उभी राहून मी चहा प्यायचे.

परीक्षेत आमचा प्रश्न ठरलेला : अ‍ॅटिकस फिंचचं व्यक्तिचित्रण करा, गुण सोळा. गावाबाहेरच्या वस्तीतून येणारा एक मुलगा मागच्या बाकावर बसायचा. खटला संपल्यावरचं ते गाजलेलं दृश्य मी रंगवून सांगत होते. खाली कोर्ट रिकामं होतं, अ‍ॅटिकस एकटा निघतो, आणि वर गॅलरीतली सगळी काळी माणसं उठून उभी राहतात. काळ्यांच्या चर्चचे रेव्हरंड साइक्स स्काउटलाही उभं राहायला सांगतात, तुझे वडील चाललेत म्हणून. माझा गळा दाटून आला होता. या मुलाने हात वर केला. "मॅडम, उभे राहिले ते ठीक. पण घरी गेल्यावर ही लोकं काय बोलली असतील?"

मला उत्तर आलं नाही. खरं सांगायचं तर मला प्रश्नच कधी पडला नव्हता. पुस्तकातही त्याचं उत्तर जवळजवळ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फिंचांच्या मागच्या पायऱ्यांवर कोंबडी, टोमॅटो, घेवडा, पाव असे जिन्नस येऊन पडलेले असतात एवढंच दिसतं. मागच्या पायऱ्यांवर, पुढच्या नाही. टॉम बोलतो तो जवळजवळ फक्त साक्षीच्या पिंजऱ्यात. त्यातही एक वाक्य त्याला भोवतं, की त्या गोऱ्या मुलीची त्याला कीव आली. काळ्याने गोऱ्याची कीव करावी! सरकारी वकील तेवढंच पकडतो.

लेखिकेची ही मर्यादा लेकीला जरूर सांगा. अ‍ॅटिकसवर प्रेम करून झालं की त्याच्या चुकाही बघू दे. काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची कू क्लक्स क्लान म्हणजे १९२०च्या सुमाराची एक राजकीय संघटना होती, घाबरवायलाही त्यांना कुणी मिळेना, असं तो मुलांना सांगतो. आणि शेवटी मुलांवर हल्ला करणारा बॉब यूएल मारला जातो तेव्हा शेरीफ ठरवतो की तो आपल्याच सुरीवर पडला. मुलांना वाचवणाऱ्या लाजाळू गोऱ्या शेजाऱ्याला कोर्टात ओढायचं नाही म्हणून हा सगळा आडपडदा, आणि अ‍ॅटिकस तो मान्य करतो. वाचताना बरंच वाटतं. पण टॉमच्या वेळी कायदा इतका मऊ कुणासाठीच झाला नव्हता.

हे सगळं लेखिकेच्या मनातून आलेलं नाही. १९३१ साली अ‍ॅलाबामात मालगाडीतून जाणाऱ्या नऊ काळ्या पोरांना पकडलं. सर्वांत धाकटा बारा-तेरा वर्षांचा. आरोप तोच. सुमारे दोन आठवड्यांत खटले उरकून आठ जणांना फाशी सुनावली. पुढे आरोप करणाऱ्या दोघींपैकी एकीने कोर्टात सांगितलं की असं काही झालंच नव्हतं. तरी ज्युरीने पुन्हा दोषीच ठरवलं. जेम्स हॉर्टन नावाच्या न्यायाधीशाने १९३३ साली तो निकाल रद्द केला आणि पुढच्याच वर्षी तो निवडणूक हरला. फाशी कुणाला झाली नाही, पण वर्षानुवर्षं तुरुंगात गेली. शेवटच्या तिघांना अ‍ॅलाबामाने माफी दिली ती २०१३ साली. तोवर नऊपैकी एकही जण जिवंत नव्हता.

आता वरणाने दाबलेला तो प्रश्न.

'आपण तेव्हा नव्हतो' हे उत्तर अर्धंच खरं आहे. होतो, थोडे होतो. भगतसिंग थिंड नावाचे पंजाबी गृहस्थ अमेरिकेच्या सैन्यात होते आणि त्यांना नागरिकत्व हवं होतं. गोऱ्यांनाच ते मिळत असे (आणि कागदोपत्री आफ्रिकी वंशाच्या लोकांना). त्यांच्या वतीने सुप्रीम कोर्टात युक्तिवाद झाला की हे उच्चवर्णीय आर्य आहेत, म्हणजे गोरेच. पुढे असंही, की भारतातल्या आदिवासींशी सोयरिकीबद्दल उच्चवर्णीयांना तेच वाटतं जे अमेरिकनांना निग्रोंबद्दल. १९२३ साली कोर्टाने तो फेटाळला. आम्हाला खाली बसू द्या, कारण वर बसणाऱ्यांना आम्हीही तुमच्याइतकंच तुच्छ मानतो, असा तो अर्ज होता. लेकीला हे सांगताना तुमची जीभ अडखळेल. माझी अडखळते.

पण त्याच्या पन्नास वर्षं आधी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली काळ्यांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुणं कुठे, अमेरिका कुठे. फुल्यांना मात्र ती गॅलरी पुण्यातून दिसत होती. हेही त्याच ताटावर वाढा.

अलाबामातलीच आणखी एक गोष्ट आहे, ती लेकीला नक्की आवडेल. १९४७ साली न्यूयॉर्कचे एक काळे धर्मगुरू, जेसी रूटे, मोबील शहरात निघाले. आधीच्या खेपेला तिथे अपमान झाला होता. या वेळी त्यांनी डोक्याला जांभळा फेटा बांधला, झगा घातला आणि बोलताना परदेशी हेल काढला. लोकांनी अदबीने वागवलं, गोऱ्यांच्या हॉटेलात जेवायला बसवलं. त्यांनी वाढणाऱ्याला विचारलंही की इथे एखादा निग्रो आला तर? तो म्हणाला, तसं धाडस इथे कुणी करायचा नाही. माणूस तोच, कातडीही तीच. मधे फक्त काही वार कापड.

म्हणजे आपली जागा ठरलेली नव्हती. कधी खाली, कधी वर, फेट्यावर आणि समोरच्याच्या लहरीवर. १९४१ साली कमलादेवी चट्टोपाध्याय अमेरिकेच्या दक्षिण भागात आगगाडीने प्रवास करत होत्या. तिकीट तपासनिसाने त्यांना गोऱ्यांच्या डब्यातून उठायला सांगितलं. मग त्या भारतातल्या आहेत असं कळल्यावर तो ओशाळला. 'भारतीय आहे' एवढ्यावर भागत होतं. त्यांनी ते भागवून घेतलं नाही. आपण वर्णाने काळ्यांतल्याच आहोत आणि जागा सोडणार नाही, असं त्याला सांगून त्या बसून राहिल्या. १९६४च्या मे महिन्यात राममनोहर लोहियांना मिसिसिपीत जॅक्सनमधल्या उपाहारगृहाने आत घेतलं नाही, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि अटक झाली. अमेरिकी सरकारने माफी मागितली. परदेशी पाहुण्याची! त्याच गावातले काळे लोक रोज अटक होत होते, त्यांची माफी कोण मागतो.

आणि तुम्ही शार्लटला कशा पोचलात हेही तिला माहीत असू द्या. १९४६ ते १९६५ या काळात साऱ्या भारतातून वर्षाला जेमतेम शंभर माणसांना तिथे स्थायिक व्हायची मुभा होती. ते दार उघडलं १९६५च्या कायद्याने. काळ्यांनी मार खाऊन, तुरुंगात जाऊन वंशभेदाचे कायदे मोडीत काढले, त्याच लाटेत देशोदेशींचे वांशिक कोटेही गेले. तुमचा व्हिसा त्या गॅलरीतल्या लोकांच्या नातवंडांनी मिळवून दिलेला आहे, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पुस्तकातली एक जागा लेकीला पुन्हा वाचायला लावा. खटल्याच्या दिवशी स्काउट, तिचा भाऊ जेम आणि मित्र डिल उशिरा पोचतात, खाली जागा नसते. रेव्हरंड साइक्स त्यांना वर नेतात. पहिल्या रांगेतली चार काळी माणसं उठतात आणि या गोऱ्या पोरांना जागा देतात. ती चौघं मग उभी राहिली की कुठे गेली, पुस्तक सांगत नाही. मला ती हल्ली अ‍ॅटिकसपेक्षा जास्त आठवतात. आणि बारावं प्रकरण, फिंचांची काळी स्वयंपाकीण कॅलपर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते ते. तिथे लूला नावाची बाई वाट अडवते, गोऱ्या पोरांना आमच्या चर्चमध्ये का आणलंस म्हणून. वर्गात सगळे तिला भांडखोर म्हणून सोडून देतील. त्या गावात हे तोंडावर बोलून दाखवणारी तेवढी एकच आहे.

आणि शाळेच्या पुस्तकासोबत मिल्ड्रेड टेलर यांचं 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' लायब्ररीतून आणा. १९७६चं आहे. काळ तोच, १९३३, गाव मिसिसिपीतलं, सांगणारी मुलगी मात्र काळी. सुरुवातीलाच तिच्या धाकट्या भावाला शाळेत फाटकं पुस्तक मिळतं. आत तक्ता चिकटवलेला, कुठल्या वर्षी पुस्तक कसं होतं आणि कुणाला दिलं. नवं होतं तेव्हापासून गोऱ्या मुलांकडे. अवस्था 'फार वाईट' झाल्यावर, बाराव्या खेपेला, काळ्या मुलाकडे. पोरगा ते पुस्तक जमिनीवर आपटून त्यावर नाचतो. मागच्या बाकावरच्या माझ्या विद्यार्थ्याला मी तेव्हा हे पुस्तक देऊ शकले असते. मला ठाऊकच नव्हतं.

राहिल्या सासूबाई. 'जुनी माणसं आहेत, सोडून दे' असं लेकीला म्हणू नका. जुनी माणसं म्हणजे फुलेही. आणि सासूबाईंना सगळ्यांसमोर धारेवर धरू नका, त्या 'मी सहज उचलली' म्हणतील आणि विषय तिथेच मिटेल. दुपारी दोघीच असाल, भाजी निवडत असाल, तेव्हा विचारा, "आई, त्या दिवशी भीती कशाची वाटली?" उत्तर बहुधा टीव्हीवरचं किंवा कुणाच्या तरी मावसभावाला लुटल्याचं येईल. येऊ द्या. मग तुमच्या माहेरचा कप सांगा. तुमच्याकडे नसेल तर माझा सांगा, निळ्या फुलांचा. त्या त्यावर काय बोलतात ते ऐका. लगेच काही बोलल्या नाहीत तरी चालेल.

लेकीला त्या मुलाची माफी मागायला पाठवू नका. मग 'असू दे गं' म्हणत त्यालाच हिची समजूत काढत बसावं लागेल. त्याने विषय काढला तर 'हो, ते चुकलं' एवढं पुरे. प्रोजेक्ट संपला नसेल तर त्याला परत बोलवा, जेवायला थांबवा, आणि वाढायला सासूबाईंना सांगा. पर्स सोफ्यावर असेल तर असू द्या.

त्याआधी एखाद्या संध्याकाळी लेकीचं अर्धवट राहिलेलं उत्तर पुरं करा. जेवतानाच. वरण गार झालं तरी चालेल.